सुरत : दाजींच्या गळ्यातला खिसा

सुरतेला मी याआधी बातमीसाठी गेलो होतो, लग्नाला गेलो होतो आणि एकदा साड्या आणायला. या खेपेचं कारण वेगळं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, त्यांच्या गळ्यात एक पिशवी तयार झाली होती.

ती गाठ नव्हती आणि कॅन्सरही नव्हता. घसा संपून अन्ननलिका सुरू होते, तिथे मागच्या भिंतीत एक कमजोर जागा असते. काहींच्या बाबतीत, बहुधा उतारवयात, ती जागा बाहेर फुगते आणि तिचा खिसा होतो. खाल्लेलं अन्न पोटात जाण्याऐवजी त्या खिशात उतरतं, तिथेच राहतं, आणि काही तासांनी माणूस वाकला की जसंच्या तसं तोंडात येतं. दाजींना हे बरीच वर्षं होत असावं. कळलं मात्र दोनदा न्यूमोनिया झाल्यावर. खिशातलं अन्न झोपेत श्वासनलिकेत उतरत होतं. तिसरा न्यूमोनिया या वयात, या वजनात झेपणार नाही, असं डॉक्टरांनी आक्काला स्पष्ट सांगितलं होतं.

आक्काचा फोन जळगावला आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाऊ, एक डॉक्टर एक सांगस, दुसरा दुसरं सांगस. यासले ऐकू येत नही, माले समजत नही. तू ये."

नवापूर ओलांडून

तापीकाठच्या या रेल्वेमार्गावर नवापूर स्टेशनाच्या मधून राज्याची हद्द जाते. फलाटाच्या एका टोकाला महाराष्ट्र, दुसऱ्या टोकाला गुजरात. गाडी थांबते तेवढ्या वेळात लोक हद्दीच्या रेघेवर उभे राहून फोटो काढतात. भाषा मात्र त्या रेघेवर बदलत नाही. डब्यात नंदुरबारला चढलेली बाई शेजारणीशी अहिराणीत बोलत होती, भेळवाल्याशी हिंदीत, आणि फोनवर नातवाशी गुजरातीत. सुरतेच्या अलीकडचं उधना येईपर्यंत हे असंच चाललं. उधन्याला उतरलो. थंडी होती आणि स्टेशनाबाहेर पोंक विकायला आला होता. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा, भाजून झोडलेला हिरवा दाणा. आपल्याकडचा हुरडाच, पण इथे त्याच्याबरोबर मिरी घातलेली बारीक शेव आणि वर लिंबू देतात. हुरडा आपण शेतात बसून खातो. सुरतकर तो रिक्षात बसून खातात.

डिंडोली

आक्का राहते त्या डिंडोलीत उतरलं की दुकानांच्या पाट्या गुजराती आणि गल्लीतलं बोलणं खानदेशी. भाजीच्या गाडीवर भरताची मोठी, पांढरट हिरवी वांगी होती. भाजीवाला धरणगावचा निघाला. मी जळगावहून आलो म्हटल्यावर त्याने तिथल्या वांग्यांचा भाव विचारला, ऐकला आणि खोटं सांगताय म्हणून हसला.

आक्काचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे असतात. बाजारातून आलेल्या साड्यांना ती घरी बसून लेस लावते, खडे चिकटवते. गल्लीतल्या बहुतेक बायका हेच काम करतात. दाजी आयुष्यभर लूमच्या कारखान्यात होते. त्या कारखान्याला इथे 'खातं' म्हणतात. खात्यातल्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचतात. दाजींचे कान त्या आवाजात गेले, पण ओठ वाचण्याची सवय राहिली. समोरचा माणूस समोर तोंड करून बोलला तर त्यांना जवळपास सगळं कळतं. पाठ करून बोलला, किंवा फोनवर बोलला, तर काही नाही.

यामुळे एक गोष्ट अशी झाली की आजाराची पहिली खूण आक्काला कळली, दाजींना नाही. ते पाणी पिऊ लागले की त्यांच्या मानेत आवाज यायचा. "सुरई भरताना येतो तसा," आक्का म्हणाली. "मी म्हणायची, तुमचा गळा वाजतोय. हे म्हणायचे, तुझे कान वाजतात."

दुपारी जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. आक्काने माझं ताट मधोमध मांडलं, स्वतःचं त्याच्या शेजारी. दाजींनी आपलं ताट उचललं, मोरीजवळ नेलं आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. भाकरी त्यांच्यासाठी दुधात कुस्करलेली होती. एक घास घ्यायचे, मान एका बाजूला वळवून बोटांनी गळ्याची डावी बाजू दाबायचे, गिळायचे, थांबायचे. मधेच उठून मोरीत थुंकायचे. मी आक्काकडे पाहिलं. तिने ठेचा माझ्याकडे सरकवला.

"दाजी, इकडे या ना," मी म्हणालो. अर्थात ते पाठमोरे होते. त्यांना ऐकू आलं नाही.

पहिला डॉक्टर, दुसरा डॉक्टर

आक्का आधी ज्यांच्याकडे जाऊन आली होती, ते सुरतेतले दोन्ही डॉक्टर गुजराती. आमच्याशी ते हिंदीत बोलले. इथे त्यांचं बोलणं मराठीत देतो आहे.

पहिले कान-नाक-घशाचे सर्जन. त्यांनी बेरियमचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. पांढरं औषध पाजून काढलेला क्ष-किरण फोटो. त्यात अन्ननलिकेची बारीक रेघ दिसत होती आणि तिच्या मागे लिंबाएवढा एक पांढरा फुगवटा.

"हा खिसा आणि ही नळी," त्यांनी पेनाने दाखवलं. "दोन्हींच्या मध्ये जो पडदा दिसतो, तोच सगळ्या त्रासाचं मूळ आहे. त्यात एक स्नायू आहे. गिळताना तो ढिला पडायला हवा. तो नीट पडत नाही, वर दाब तयार होतो, आणि दाबाने खिसा फुगतो. आम्ही हा पडदा कापतो. खिसा आणि नळी एक झाली की अन्न अडकायला जागा उरत नाही."

आक्का फोटोकडे बघत होती. "म्हणजे खिसा काढत नाहीत. त्याची शिवण उसवतात."

"बराबर, बेन," सर्जन म्हणाले. "फक्त ही शिवण मांसाची आहे."

पूर्वी हे काम मानेवर बाहेरून चिरा देऊन होत असे. फार मोठा खिसा असेल तर अजूनही होतं. आता बहुतेक वेळा तोंडातून करतात. या सर्जनांची पद्धत स्टेपलरची. पूर्ण भूल देऊन तोंडातून एक सरळ, कडक नळी घशात बसवायची. तिच्या दुभागलेल्या टोकाचं एक पातं खिशात, एक अन्ननलिकेत. मधल्या पडद्यावर स्टेपलर लावला की तो एकाच वेळी कापतो आणि दोन्ही कडांना टाके मारतो. रक्तस्राव कमी, वेळ कमी, अनुभव बऱ्याच वर्षांचा. अडचणी त्यांनी न विचारता सांगितल्या. खिसा फार लहान असेल तर स्टेपलर आत मावत नाही. स्टेपलरच्या टोकाशी पडद्याचा थोडा भाग न कापता राहतो. आणि कडक नळी बसायची तर तोंड मोठं उघडलं पाहिजे, मान पूर्ण मागे गेली पाहिजे.

"काका, वर बघा."

दाजींनी ओठ वाचले आणि मान मागे केली. ती अर्ध्यातच थांबली. त्यांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत असावं, छत नक्कीच नाही. वर्षानुवर्षं धागे बघत खाली वाकलेली मान होती ती. सर्जनांनी तिला हलकेच हात लावून पाहिला आणि हात काढून घेतला.

"मी जबरदस्ती करणार नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

दुसरे पोटविकारांचे डॉक्टर. यांची दुर्बीण लवचीक. मान मागे जायची गरज नाही. तिच्यातून दोन पद्धतींनी काम होतं. पहिलीत दुर्बिणीच्या टोकाशी असलेल्या बारीक सुरीने पडदा सरळ वरून खाली कापायचा आणि तळाशी चिमटे लावायचे. काम लवकर होतं, पुन्हा त्रास झाला तर पुन्हा करता येतं.

"मग पुन्हा त्रास का होतो?" मी विचारलं.

"कारण कुठे थांबायचं हा अंदाज असतो. जास्त खोल गेलो तर छिद्र छातीत उघडतं, तिथे जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेततं. त्या भीतीने डॉक्टर जरा आधी थांबतो. जेवढा पडदा राहिला, तेवढा त्रास राहण्याची शक्यता."

दुसरी पद्धत बोगद्याची. पडद्यावरच्या अस्तराला छोटं दार पाडायचं, अस्तर आणि स्नायू यांच्या मधून आत शिरायचं, स्नायू वरपासून खालपर्यंत डोळ्यांसमोर ठेवून पूर्ण कापायचा आणि बाहेर येऊन दार चिमट्यांनी बंद करायचं. वरचं अस्तर शाबूत राहतं, म्हणून स्नायू पूर्ण कापता येतो. खिसे अन्ननलिकेत खाली, छातीतही होतात. तिथे कडक नळी पोचत नाही, त्यामुळे निवडक रुग्णांत तिथेही बोगद्याचा विचार होतो.

"म्हणजे बोगदा चांगला," आक्का म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं नाही. "चांगला वाटतो आहे. पण पद्धत नवी आहे. दहा-पंधरा वर्षांनी काय होतं, हे सांगायला अजून तेवढी वर्षं गेलेली नाहीत. आणि बोगदा केल्यावर पुन्हा त्रास झालाच, तर आत व्रण धरलेला असतो, दुसऱ्यांदा काम कठीण जातं. भूल, छिद्र, रक्तस्राव हे धोके दोन्हींत आहेत." तोंडावर मास्क लावूनच ते बोलत होते. दाजी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मी ते सांगितल्यावर डॉक्टर ओशाळले, मास्क काढला आणि सगळं पुन्हा सांगितलं, हळू, ओठ उघडून.

दाजींनी एकच प्रश्न विचारला. ते मोठ्याने बोलतात, बाहेरच्या खोलीतल्या लोकांनीही वळून पाहिलं. "सुरी खाली किती जाते हे कुठल्यात दिसतं?"

"बोगद्यात."

"मग ते करा. न दिसता कापायचं काम मी कधी केलं नाही."

उपास

दोन दिवसांनी हॉस्पिटलातून किन्नरीबेनचा फोन आला. त्या तिथल्या सिस्टर. फोन अर्थातच आक्काने घेतला, स्पीकरवर. मीही ऐकत होतो. किन्नरीबेन गुजरातीत म्हणाल्या, "काकाने काले आखो दिवस उपवास रखावजो, हों ने? परमदिवसे सवारे आवी जजो." म्हणजे उद्या पूर्ण दिवस काकांना उपास करायला लावा, परवा सकाळी या. आक्काने हो म्हटलं. मला त्यात काही खटकलं नाही. वाक्य सोपं होतं.

आक्काने उपास नीट पाळायला लावला. स्वतःही धरला. सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली, दाजींसाठी मऊ, जास्त पाणी घालून. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. संध्याकाळी रताळ्याचा कीस, दुधात. दाजी भिंतीकडे तोंड करून नेहमीपेक्षा जास्त जेवले.

सकाळी हॉस्पिटलात दाजींना हिरवा झगा घातला. भुलीच्या डॉक्टरांनी मास्क खाली करून विचारलं, "काका, कल क्या खाया?"

"कुछ नहीं," दाजी अभिमानाने म्हणाले. "उपास था. साबुदाणा, भगर, आमटी."

भुलीचे डॉक्टर थांबले. त्यांनी किन्नरीबेनकडे पाहिलं. तेवढ्यात दाजी चप्पल सरळ करायला वाकले, खोकले आणि त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. रुमालात साबुदाण्याचे मणी होते. पांढरे, अखंड, काल सकाळचे.

"उपवासमां साबुदाणा?" किन्नरीबेन म्हणाल्या.

"मग उपासाला काय खातात?" आक्काने विचारलं.

"कशुं ज नहीं! पाणी. ने ए पण उकाळेलुं."

किन्नरीबेन जैन आहेत. त्यांच्या घरात उपवास म्हणजे उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. आमच्या घरात उपास म्हणजे नेहमीचं सोडून दुसरं काहीतरी खाणं. शब्द एकच. तो फोनवरून बरोबर पोचला होता, अर्थ मात्र तिकडचा तिकडे राहिला आणि इकडचा इकडे.

"पाण्यावर राहायचं याला उपास नाही म्हणत," आक्का म्हणाली. "याला शिक्षा म्हणतात."

"अने तमे जे कर्युं एने?" किन्नरीबेनने विचारलं. "एने तो जमण कहेवाय." म्हणजे तुम्ही केलंत त्याला तर पंगत म्हणतात. रागावल्या होत्या, पण हसू आवरत नव्हतं.

डॉक्टर हसले नाहीत. भूल दिल्यावर खोकला थांबतो. खिशातलं कालचं अन्न अशा वेळी घरंगळून फुप्फुसात गेलं असतं तर ज्या न्यूमोनियापासून सुटायला आलो तोच टेबलावर झाला असता. काम पुढे ढकललं गेलं.

बारडोली

दाजींनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "देवाने थांबवलं. आता नको."

दुसऱ्या दिवशी ते मला बारडोलीला घेऊन गेले. म्हणाले, पाहुणा आलास आणि नुसती हॉस्पिटलं पाहिलीस. सुरतेची हद्द सुटली की बसच्या दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि बारडोली जवळ आली की हवेत मळीचा वास येतो. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे आमची बस रांगत होती. आमच्या भागात केळी असते, तीही सुंदर दिसते, पण तिला वास नसतो.

स्टँडबाहेर त्यांनी मला लोचो खायला घातला. डाळीचं वाफवलेलं पीठ, ढोकळ्यासारखं, पण ढोकळा होता होता मोडलेलं. वर तेल, शेव, कांदा. "तू खा, मी बघतो," ते म्हणाले आणि खरोखर बघत बसले. माझा घास कसा उतरतो ते बघत होते. मग उसाचा रस घेतला, तो मात्र दोघांनी. पितळी घुंगरं लावलेला घाणा सुरू होता, म्हणून त्यांच्या मानेतला आवाज मला ऐकू आला नाही.

"पातळ उतरतं," ते म्हणाले. "पातळावर माणूस राहू शकतो. उगाच चिरफाड कशाला?"

परतीच्या बसमध्ये ते पाय मोकळे करायला पुढे वाकले आणि रस परत आला. त्यांनी घाईने माझ्याकडे पाठ केली, खिडकीकडे वळले आणि रुमाल शोधत राहिले. बराच वेळ खोकत होते. सुरत येईपर्यंत त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं नाही. तोंड न बघता त्यांच्याशी बोलता येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी आक्काला सांगितलं की मी नाही करणार. ती साडीला लेस लावत होती. हातातली साडी तिने बाजूला ठेवली, उठली, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात, पण ओठ नीट उघडून बोलली.

"तुमनी पाठ देखीसन जेवस मी. कितला वरीस?"

तुमची पाठ बघत जेवते, किती वर्षं? दाजींनी ते वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या बाईंना फोन लाव. विचार, पाणी चालतं ना? का तेही उकळून?"

पुन्हा डिंडोली

या वेळी किन्नरीबेनने उपवास हा शब्द वापरला नाही. आक्काकडून त्यांनी एकेक पदार्थ वदवून घेतला. साबुदाणा? नहीं. भगर? नहीं. दूध? नहीं. शेंगदाणा? "बेन, शेंगदाणानुं नाम पण नहीं." फक्त पाणी आणि गाळलेलं सरबत, आणि ठरल्या वेळेनंतर तेही नाही. आक्काने स्वतःही तेच पाळलं. संध्याकाळी तिचं डोकं दुखत होतं.

हॉस्पिटलात आतलं काम होईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. आक्का पदराच्या लेसचा धागा ओढत होती. तो निघाला तशी ती थांबली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मास्क आधीच काढलेला होता. स्नायू शेवटपर्यंत दिसला, पूर्ण कापला, दार बंद झालं. रक्तस्राव नाही. दुसऱ्या दिवशी औषध पाजून फोटो काढला. पांढरी रेघ न अडखळता खाली गेली. जुन्या फुगवट्याच्या जागी एक उथळ खोबण तेवढी दिसत होती. तापावर, छातीच्या दुखण्यावर लक्ष ठेवायला सांगून आधी पातळ आणि मग मऊ जेवणाची परवानगी मिळाली. बोगदा किती वर्षं टिकेल, हा प्रश्न मी डॉक्टरांना पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. अजून माहीत नाही.

मऊ जेवणाच्या पहिल्या दिवशी मी निघणार होतो. आक्काने विचारलं, काय करू? खिचडी, रव्याची खीर, मऊ भात?

"भगर," दाजी म्हणाले.

"आज उपास नही शे."

"म्हणूनच."

तिने भगर केली, पातळसर, आमटीतले दाणे बारीक वाटून. माझं ताट मधे मांडलं, स्वतःचं शेजारी, आणि दाजींचं सवयीने मोरीजवळच्या भिंतीपाशी. दाजी तिथे गेले. बसण्याआधी ते तांब्यातून पाणी प्यायले. आक्काने हात थांबवला आणि ऐकलं. मीही ऐकलं. खाली रस्त्यावर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"काही वाजलं?" दाजींनी विचारलं.

आक्काने मान हलवली. नाही.

त्यांनी ताट उचललं, आमच्या ताटांसमोर आणून ठेवलं आणि बसले. भिंत आता त्यांच्या पाठीशी होती. पहिला घास घेतला, सवयीने बोटं गळ्याकडे गेली, तिथे थांबली आणि परत ताटात आली.

"आमटीत मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "आज कळलं का?" ती म्हणाली आणि मिठाची वाटी त्यांच्यासमोर ठेवली.